ह्यांच्या गाडीचं रबर

माय,

तुला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि आता सांगायला बसलेय ते काय, तर मी मोटारीखाली झोपून तिचे नटबोल्ट खोलले. तू असतीस तर म्हणाली असतीस, ह्या वयात बाईला काय भिकेचे डोहाळे लागले. पण तूच एकदा बाबांना बैलगाडीतून वैजापूरच्या दवाखान्यात नेलं होतंस. त्यांचा पाय मोडलेला. खाली कडबा, त्यावर घरातल्या झाडून सगळ्या वाकळा, आणि वर तो पाय तू दोन्ही हातांवर तोलून धरलेला. चाकाला दगड लागला की धक्का आधी तुझ्या हातांना बसायचा. मी शेजारी बसलेय, तुझ्या हातांकडं बघतेय. पोहोचलो तेव्हा तुझे हात सरळ होत नव्हते.

ह्यांचं ते जीवघेणं दुखणं मणक्यात उतरलं तेव्हा मला तसं तोलता येईना, कारण गाडी मीच चालवायची. चिकलठाण्यातल्या घरापासून दवाखान्यापर्यंत, आठवड्यातून दोनदा. गाडी ह्यांचीच, धंद्यापायी सगळा मराठवाडा पालथा घातलेली, अडीच लाख किलोमीटर पळालेली. खड्डा आला की खालून धाडकन आवाज यायचा. हे ओरडत नव्हते. दारावरचा दांडा धरून डोळे मिटायचे आणि विचारायचे, "अजून किती राहिलंय गं?" रिक्षात तर त्याहून हाल. गॅरेजवाल्यानं गाडी दाबून, हलवून बघितली. म्हणाला, सस्पेन्शन संपलंय मावशी, आठवडाभर सोडून जा, नायतर भंगारात घाला. आठवडाभर सोडली तर ह्यांना न्यायचं कशात?

मला कधी कुणी बसवून काही शिकवलं नाय, तुला ठाऊकच आहे. भाकरीसुद्धा तुझ्याकडं बघून शिकले. तसंच हे मोबाईलवर बघून बघून शिकले. चाकाला जागेवर धरणारे लोखंडी आर्म असतात, त्यांच्या टोकाला रबराचे बुश. ते पार चिरले होते, आणि धक्के गिळणारे मागचे शॉकअप तेलानं ओघळत होते. पार्टच्या दुकानदारानं विचारलं, बसवणार कोण? मीच, म्हटलं. तर म्हणतो, "मग काकांना सांगा, जेवण बाहेरून मागवा." मी हसले. काका तेव्हा चमचाभर पेजेवर होते.

गंजलेला बोल्ट हलेना. पान्याला लांब पाईप जोडून त्यावर उभी राहिले तेव्हा कुठं सुटला. हे अंगणात खुर्चीवर बसून बघत होते. म्हणाले, "अगं, गाडी आहे ती, शिवणयंत्र नाय." मी फुशारकीनं म्हटलं, आता बघा, लोण्यावरून गेल्यासारखी जाईल. पहिले काही दिवस गेलीही. ह्यांनी दांडा धरायचं सोडलं. मग एका सकाळी पुन्हा तोच दणका. ह्यांचा हात वर गेला, दांड्यावर.

नवं कोरं रबर फाटलं होतं. दुकानदार म्हणाला, "आवळलं तेव्हा चाक कुठं होतं?" जॅकवर, हवेत. "तिथंच चुकलं मावशी. लटकत्या चाकावर आवळलं की गाडी खाली बसताच रबर पिळवटतं. चाक टेकू द्यायचं, वजन अंगावर येऊ द्यायचं, मग शेवटचं आवळायचं." एवढीशी गोष्ट. पण ह्यांच्या उरलेल्या दिवसांतले दिवस त्यात गेले.

पुन्हा केलं. चाकांखाली फळ्या रचल्या, गाडी स्वतःच्या वजनावर उभी ठेवली, आणि पोटावर सरपटत आत शिरून आवळलं. हे तोवर खाटेला लागले होते, अंगणात येत नव्हते. ह्या खेपेला मी सांगितलं नाय. एकदा आशा लावून मोडली होती. शिवाय लहानपणी माझी भाकरी टम्म फुगली म्हणून मी घरभर दाखवत फिरले, तेव्हा तू चुलीपुढून फटकारलं होतंस, "केलेलं सांगत सुटू नये बाई, खाणाऱ्याला कळतं."

दुसऱ्या दिवशी ह्यांना धरून गाडीत बसवलं आणि दवाखान्याला निघालो. ह्यांनी सवयीनं दांडा धरलेला. खड्ड्यांमागून खड्डे गेले, आणि हात हळूहळू खाली येऊन मांडीवर पडला. म्हणाले, "रस्ता केला वाटतं. बरं झालं, लोकांचे हाल वाचले."

मी म्हटलं, "व्हय, केलाय."

म्हटलं घरी गेल्यावर चहा घेताना सांगू, लई हसतील. पण त्या दिवशी दवाखान्यानं ठेवून घेतलं. तिथं नर्सलाही सांगत होते, आमच्याकडचा रस्ता आता झकास झालाय म्हणून. त्यांच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी कौतुक होतं, मला ते मोडवेना. हे घरी आलेच नाहीत.

भेटायला येणारे म्हणतात, तुम्ही फार सेवा केली. करायचीच होती. हे पत्र टाकायला पत्ता नाय, आणि पोरांपुढं बोलायची लाज वाटते. पण माय, ह्यांनी माझे तेलानं काळे झालेले हात बघून एकदा शाबास म्हणावं, एवढी हाव होती गं मला. अजून आहे.