सरस न लावलेलं कपाट

रविवार, १४ नोव्हेंबर

ती. ताईस,

नमस्कार. साष्टांग घालायला हवा, पण तू म्हणशील, वर्षभर उभ्यानेही केला नाहीस, आज एकदम आडवी कशी झालीस? म्हणून साधाच.

भावजींचा गुडघा कसा आहे? त्यांना सांग, तोरा थोडा कमी केला की जिना आपोआप सोपा होतो. माझा घसा बरा आहे. शाळेची परीक्षा संपली. वक्तृत्व स्पर्धेत आमच्या शाळेची मुलगी पहिली आली. विषय होता 'वाट पाहणं ही गुलामीच'. भाषण मी लिहून दिलं होतं. हसू नकोस. किंवा हस, तुझा हक्क आहे.

तुमच्याकडच्या शाळेत मुख्याध्यापिकेची जागा रिकामी असल्याचं भावजींनी कळवलं होतं. मी अर्ज केला, शाळेने होकारही दिला, आणि मी त्यांना तंगवत ठेवलं. कामात होते असं लिहिणार होते. खोटं आहे. त्याने सांगितलं, "निकाल लागेपर्यंत कुठे जाऊ नकोस." आणि मी थांबले. उद्या त्यांना शेवटचं उत्तर द्यायचं आहे.

'त्याने' म्हणजे कोणी, हे तुला सांगायला नको. तुझ्या भाषेत 'तुझा तो सुतार'.

त्याच्या घटस्फोटाचा निकाल आज लागेल, उद्या लागेल, असं चाललं होतं. वकिलाने त्याला बजावलं होतं म्हणे, तोवर कुणाबरोबर दिसू नका. म्हणून आम्ही रस्त्याने चालायचो तर तो पुढे आणि मी मागे, चोरावर नजर ठेवणाऱ्या शिपायासारखी. चौकातल्या चहावाल्याने एकदा विचारलं, "ह्या कोण?" हा न अडखळता म्हणाला, "गिऱ्हाईक." ताई, मी भर सभेत मंत्र्याला खाली बसवलेली बाई. मी मान डोलावली! आणि निदान ते खोटं तरी खरं व्हावं म्हणून त्याच्याकडे पुस्तकांचं कपाट करायला दिलं.

कपाट सुंदर झालं. माझ्या खोलीची उत्तरेकडची भिंत भरली. बसवताना मी विचारलं, "सरस कुठेच कसा लावला नाहीस?" तो म्हणाला, "सरस राहत्या घराला लावतात. भाड्याच्या घरात स्क्रू. उद्या हलायचं झालं तर खोलता येतं. सरसाचा सांधा सुटत नाही, तोडावा लागतो." मला ते बोलणं फार आवडलं. वाटलं, किती पुढचा विचार करतो हा माणूस! आपलं घर होईल, तेव्हा हे कपाट तिकडे न्यायचं, असा अर्थ मी लावला. चार बुकं जास्त वाचली की हा रोग जडतो. माणूस एक वाक्य बोलतो, आणि आपण त्यावर पानभर निरूपण करतो.

अडवणारी कोण? तर त्याची बायको. ती तारखेला येत नाही, ती सही करत नाही, तिला फक्त छळायचं आहे. हे मी ऐकलं, मानलं, आणि पदरची भर घालून पुढे सांगितलं. तुझ्यापुढे मी तिला जळू म्हटलं होतं. तेव्हा तू भाजी निवडत होतीस. मान वर न करता एवढंच म्हणालीस, "तू त्या बाईला विचारलंस का कधी?"

त्या एका प्रश्नासाठी मी तुझ्याशी बोलणं टाकलं. 'तुला माझं सुख बघवत नाही' असं म्हणून दार आपटून गेले. तू माझं दार वाजवायला कधी आली नाहीस, तेही बरोबरच. आपटणारीनेच वाजवायचं असतं.

आता काय झालं ते सांगते. परवा दुपारी शाळा लवकर सुटली म्हणून न कळवता त्याच्या कारखान्यात गेले. कारखाना कसला, पत्र्याची शेड, घोट्यापर्यंत भुसा. तो एका जेवणाच्या टेबलाचे पाय बसवत होता. भांड्यात सरस गरम होत होता. प्रत्येक खाचेत तो ब्रशने इतका जपून भरत होता, जणू बाळाला औषध पाजतोय. मग सांधे दाबून धरायला शिकंजे आवळले.

"कोणाचं रे हे?"

"आहे एक गिऱ्हाईक."

तेवढ्यात दारात एक बाई उभी राहिली. दवाखान्यातल्या परिचारिकेचा गणवेश, पायात थकलेल्या चपला. तिने टेबलाकडे पाहिलं आणि त्याला म्हणाली, "मी नको म्हटलं होतं ना? कुठे ठेवू हे? डोक्यावर?"

त्याचा हात ब्रशसकट थांबला. मग माझ्याकडे वळून तो तिला म्हणाला, "ह्या गिऱ्हाईक आहेत."

"माहीत आहे," ती म्हणाली. "त्या भाषणवाल्या बाई ना तुम्ही? तुमचं कपाट झालं म्हणे. नशीबवान आहात. माझ्या मोरीचं दार लागत नव्हतं तेव्हा ह्याला सवड नव्हती. आता मी जायला निघाले तर टेबल करतोय. मागच्या महिन्यात पलंग केला."

मी विचारलं. ताई, अखेर मी विचारलं. "तुम्ही तारखेला का येत नाही?"

ती मग हसली, पण ते हसू माझ्यावर नव्हतं. "मी? अहो बाई, प्रत्येक तारखेला रजा काढून मी त्या बाकावर बसते. माझी सही केव्हाच झालीय. येत नाही तो हा. कधी ताप, कधी लाकूड आणायला परगावी. माझी वकीलीण म्हणते, नवरा आहे की वारा?" मग त्याच्याकडे वळून म्हणाली, "सोमवारी पुन्हा तारीख आहे. येणारेस, की ह्यांच्यासाठी खुर्च्याही करायच्यात?"

त्याने सरसाच्या भांड्याखालची आच कमी केली. एवढंच.

व्यासपीठावरून मी शंभरदा सांगितलं आहे की पुरुष दोन बायकांना एकमेकींविरुद्ध उभं करतो आणि स्वतः मध्ये सावलीत बसतो. टाळ्या पडल्या. मी त्याच सावलीला आपलं घर समजले होते.

संध्याकाळी तो खोलीवर आला. म्हणाला, "घर मोडताना हात धजत नाही. तुला नाही कळायचं, तू कुठे लग्न केलंयस?"

मी म्हटलं, "नाही केलं. पण मोडायचंच नव्हतं, तर मला कशाला उभं केलंस?"

"थोडं थांब."

"तिला थांबवलंस, मला थांबवलंस. आता एकदा तू थांब. तिथेच. दाराबाहेर."

दार मी लावलं. ह्या वेळी आपटलं नाही.

आज सकाळपासून कपाट खोलते आहे. पुस्तकं जमिनीवर, पेचकस हातात. स्क्रू लोण्यासारखे निघाले. काम चोख आहे त्याचं, नावं ठेवायला जागा नाही. सगळ्यात खालची फळी तेवढी हलेना. वाकून पाहिलं, तर तिच्या सांध्यात सरस होता. पिवळा, वाळलेला, आतल्या बाजूने, मला दिसणार नाही असा लावलेला.

खूप वेळ त्या पसाऱ्यात बसून राहिले. पूर्वीची मी असते, तर त्या एवढ्याशा सरसावर आणखी दोन वर्षं काढली असती.

मग हातोडी घेतली. फळी चिरली.

तुमच्याकडच्या शाळेला होकार कळवते आहे. तुझ्या मागच्या खोलीतली एक भिंत मोकळी करून ठेव. कपाटाला एक फळी कमी असेल. त्याबद्दल भावजींना काही विचारू देऊ नकोस. तू मात्र विचार. तुझ्या प्रश्नाला ह्या वेळी मी उत्तर देईन.

तुझी,
दार वाजवायला निघालेली धाकटी