गंगाधरकाका यादीत नाहीत

४ मे ८७, सोमवार
उमरेडच्या विणकर सोसायटीची सभासद यादी छापून दिली. या कामानं चार महिने डोकं खाल्लं. एकच माणूस दोन कार्डांवर सोसायटीचं सूत उचलतो, ही त्यांची जुनी तक्रार. आपल्या प्रोग्रामनं तेवीस दुबार नावं काढली. सेक्रेटरी म्हणाले, पक्कं ना? मी छाती फुगवून सांगितलं, माणूस चुकेल, मशीन चुकत नाही. त्या तेवीस जणांची यादी लगेच फळ्यावर. वर मोठ्या अक्षरांत 'बोगस सभासद'. दिलीपनं पेढे आणले. बँकेतली नोकरी सोडून त्यानं माझ्याबरोबर हा कॉम्प्युटरचा उद्योग मांडला, तेव्हापासून वडील त्याच्याशी बोलत नाहीत. आता बोलतील कदाचित.

७ मे, गुरुवार
काटोलच्या संत्रा व्यापाऱ्यांना कॉम्प्युटर हवाय. उमरेडचं काम बघून ठरवणार. दिलीप हवेत.
प्रतापनगरच्या आमच्या ऑफिसच्या खोलीत कूलर लावला की फ्लॉपीला ओल धरते, बंद केला की मशीन तापतं. दि. म्हणतो, दहा वर्षांत टीव्हीसारखा घरोघरी कॉम्प्युटर येईल, मुंबईवाले डब्यात बंद केलेले तयार प्रोग्राम विकतील, मग आपल्याला कुत्रं विचारणार नाही. असेलही. मला वेगळंच वाटतं. या धंद्यात आत काय लिहिलंय ते कोणी बघतच नाही. पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली की गिऱ्हाईक हात जोडतं. आणि आपल्याला ते आवडतं, हेही खरं.

१० मे, रविवार
उमरेडला घरी. बाबांचा माग चालू होता, शेजारच्या गंगाधरकाकांचा गप्प. काका त्या तेवीस जणांत. सूत बंद. मी नावं वाचलीच नव्हती, नुसती मोजली होती.
बाबा : "काहून गा, तुह्या मशीनले गंगाधर चोर दिसला का?"
लहानपणी मागासाठी सुताची कांडी भरायला काकांनीच शिकवलं मला. त्यांच्या दारावरून जायची हिंमत झाली नाही. मागच्या गल्लीनं बसस्टँड गाठला. भित्रा कुठला.

१२ मे, मंगळवार
काटोलसाठी भागीदारीचा फॉर्म भरत होतो. जन्मतारीख : १ जुलै. हात तिथंच थांबला.
आई सांगते, मी दिवाळीत झालो. १ जुलै गुरुजींची. घरी तारीख ठाऊक नसली की शाळेत सरसकट १ जुलै लावायचे. शाळेत न गेलेल्यांना सोसायटीच्या कारकुनानं तीच लावली, सालसुद्धा अंदाजानं. अर्धा मोहल्ला एकाच दिवशी जन्मला.
आणि मी काय केलं? फ्लॉपीवर जागा पुरेना, म्हणून नावाचं पहिलं इंग्रजी अक्षर, आडनाव आणि जन्मतारीख जुळली की माणूस एकच, असं ठरवलं. तारीख कुठून एवढी जुळणार, म्हणे! गंगाधर पराते, गोविंदा पराते. दोघेही १ जुलै, साल एकच. मशीननं एक ठेवला, एक उडवला. त्याला जे सांगितलं ते त्यानं केलं.
स्वतः १ जुलैचा, मागावर वाढलेला, आणि मला हे सुचू नये. मागावर एक धागा तुटला तरी बोटाला कळतं. इथं तेवीस माणसं तुटली आणि मी पेढा खाल्ला.

१३ मे, बुधवार
दि.ला सांगितलं. तो म्हणाला, "आता तोंड उघडलंस तर काटोल गेलं. आणि मी कुठं जाऊ? पुढच्या यादीत गुपचूप दुरुस्त कर."
म्हटलं, ते फळ्यावर बोगस म्हणून लागलेत.
"मग मशीन बिघडलं होतं असं लिही. मशीनवर कोणी राग धरत नाही."
खरंच कोणी धरणार नाही. या धंद्याला ही पळवाट आयतीच मिळालीय, पुढे सगळे तीच धरतील.

१५ मे, शुक्रवार
सेक्रेटरींकडे गेलो. "तूच म्हने ना, मशीन चुकत नाही? आता काहून पलटून राहिला? गंगाधर शेजारचा म्हणून?" म्हणाले, दोघा भागीदारांच्या सह्यांनी लिहून आणा, सोमवारी कमिटीसमोर. नाहीतर तेवीसही कार्डं कायमची रद्द.
मी चिठ्ठी लिहून सही केली; दि. वाचतो, पेन उचलतो, खाली ठेवतो. मी संपलोय. त्याला दोष तरी कसा देऊ?

१७ मे, रविवार
दुपारी उन्हात गंगाधरकाका आले. एकटे, उमरेडहून, पत्ता विचारत विचारत. धुतलेलं धोतर, कडक टोपी.
"मशीनले मले पाहू दे, बाबू. गोविंदा अलग, मी अलग. पाहील तर समजंल त्याले."
पडद्यासमोर हात जोडून उभे राहिले. दि. भिंतीकडे तोंड करून बसलेला. मी मशीन चालू केलं. दुसरं काय करणार होतो? त्यांचं नाव पुरतं टाइप केलं, वडिलांच्या नावासकट. इंग्रजी त्यांना येत नाही. कितीतरी वेळ त्या अक्षरांकडे बघत राहिले.
"हा मी?"
"हो काका."
मोरीत जाऊन तोंड धुतलं. परत आलो तर दि. निघून गेला होता. चिठ्ठी टेबलावर तशीच.

१८ मे, सोमवार, सकाळ
बसस्टँडवर. चिठ्ठी खिशात. 'चूक मशीनची नाही, प्रोग्राम लिहिणाऱ्याची.' खाली माझी सही. शेजारची जागा कोरी. पहाटे दि.च्या घरी जाऊन गाडीची वेळ सांगून आलो. येतो म्हणाला नाही. येत नाही असंही म्हणाला नाही.
रात्री खोलीवरच राहिलेले काका खुशीत. "काल मशीननं पाह्यलं ना मले? मंग चिठ्ठी कशाले?"
मी खिशातली चिठ्ठी पुन्हा चाचपली.
उमरेडची गाडी लागली. काका आधी चढले. खिडकीतून ओरडले, "दोन जागा धरल्या गा!"
मी म्हटलं, तीन धरा.