कोण गॅरेट?

प्रिय लोरीन,

थोरल्या भावाचे भरभरून आशीर्वाद. गुडघा कसा आहे? ॲरिझोनाच्या उन्हानं सांधे मोकळे होतात म्हणून तू तिकडे गेलीस, तेव्हा झाले की नाही ते कळव. मी ठणठणीत आहे आणि नेब्रास्काही जिथल्या तिथे आहे.

गेल्या आठवड्यात वॉशिंग्टनच्या तपास खात्याची एक बाई गावात उतरली. काळा कोट, चकचकीत बूट आणि आवाज इतका गोड की मी तिथेच सावध झालो. दारात उभी राहून विचारते, "गॅरेट तुमचा भाचा ना? मुलगा कसा आहे?" तुला माझा स्वभाव ठाऊक आहे. आज गुरुवार आहे असं त्या खात्यानं सांगितलं, तरी मी कॅलेंडर बघतो. तुझ्या पोराच्या मागे हे शुक्लकाष्ठ लागलंय, त्याला वाचवायलाच हवं, असं माझ्या मनानं घेतलं. म्हटलं, "कोण गॅरेट? मला भाचाच नाही!" (बहीणही नाही म्हणालो. राग मानू नकोस.) दार लावलं आणि गावभर फोन केले. एरवी चर्चच्या रंगावरून भांडणारं आपलं गाव असं एक झालं, की माझा ऊर भरून आला. डार्लीननं खानावळीत बाईला चिलीचं तिखट कालवण आणि दालचिनीचा रोल आग्रह करकरून वाढला (पाहुणी ती पाहुणीच), पण भिंतीवरचा गॅरेटच्या फुटबॉल संघाचा फोटो आधीच काढून ठेवला. मागे उरलेल्या पांढऱ्या चौकोनाबद्दल बाईनं विचारलं, तर म्हणाली, "घड्याळ होतं." शाळेच्या कोचनं तर हद्द केली. "आमच्याकडे फुटबॉल खेळतच नाहीत," म्हणाला. नेब्रास्कात, लोरीन, जिथे फुटबॉल म्हणजे धर्म!

मग शाळेच्या हॉलमध्ये खासदारांची सभा झाली. त्या खात्यावर देखरेख ठेवणाऱ्या समितीत ते आहेत. (त्यांच्यावर देखरेख कोण ठेवतं, हे मी दर निवडणुकीत विचारतो. ते हसून हात हलवतात.) मी माइक धरला आणि माझ्या निरपराध भाच्याचा कसा छळ चाललाय ते सांगितलं. खासदारांनी टेबलावर मूठ आपटली, सुनावणी लावतो म्हणाले आणि भाच्याचं नावही न विचारता जेवायला गेले. ती बाई मागच्या रांगेत बसली होती, हे मला नंतर कळलं.

घरी येतो तोच गॅरेटचा फोन. "मामा, मी त्याच खात्यात नोकरीला अर्ज केलाय. घ्यायच्या आधी ते शेजारीपाजारी वागणूक विचारतात. तू त्यांना इतक्या शिव्या देतोस, म्हणून तुला सांगायला धजलो नाही. आता गावात मला कुणी ओळखतच नाही म्हणे." रागावला नाही गं. हसला, पण ते हसणं मला ऐकवेना. लहानपणापासून पोराला हेच करायचं होतं, आणि मी आपला त्याला वाचवत बसलो! आम्ही सगळे फोटो घेऊन बाईच्या मोटेलवर धावलो, एकमेकांच्या वर आवाज चढवून खरं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "परवा एक सांगितलंत, आज दुसरं. मी विश्वास तरी कशावर ठेवू?" लोरीन, हेच वाक्य मी जन्मभर त्यांना ऐकवत आलोय. वाईट म्हणजे, तिचं बरोबर होतं.

तुझा,
ऑर्विल

ता. क. ती तुला फोन करणार आहे. तू ट्रक चालवायचीस तेव्हा तो मामाकडे वाढला, असं गॅरेटनं अर्जात लिहिलंय. मामा म्हणतो भाचाच नाही. म्हणजे दोघांतला एक खोटारडा ठरणार. तिला बेधडक सांग, खोटारडा माझा भाऊ आहे, पोरगा नव्हे. सही लागली तर मी करतो. त्याच्याखेरीज मला आहे तरी कोण?

ता. क. २. हे खासदारांच्या ऑफिसात मात्र बोलू नकोस. समितीपुढे साक्ष द्यायला त्यांनी मलाच बोलावलंय. पत्रात म्हटलंय, असा भरवशाचा माणूस शोधून सापडला नसता.