तिसरीच्या वर्गातले साहेब

सोमवार, २ डिसेंबर

बुधवारी माझा पाठ बघायला केंद्रातून साहेब येणार! मोहियुद्दीन सरांनी डबा खाता खाता सांगितलं — भाजीत मीठ कमी आहे, असं सांगावं तसं. शाळेत शिक्षक दोनच. ते मुख्याध्यापक, आणि उरलेली सगळी मी. विषयही त्यांनीच ठरवला : एक शब्द, अनेक अर्थ. तिसरीच्या पोरांना!

आज 'पान' घेतलं. झाडाचं आलं, पुस्तकाचं आलं. हिरू म्हणाली, "बाई, लग्नात जेवायला मांडत्यात ते पान!" वा गं! सुफियान म्हणाला, "माजा चाचा खातो नि थुकतो ते." तेही लिहिलं फळ्यावर. न लिहून सांगते कुणाला!

मंगळवार, ३

घरी आई पुन्हा स्थळाचं घेऊन बसली. आधीच्या तिघांचं म्हणणं एकच — नोकरी चांगली आहे हो, पण बदली करून घ्या, नाहीतर सोडा. शाळा म्हणजे काय चप्पल आहे, उंबऱ्याबाहेर काढून ठेवायला? सांगून टाकलंय : शाळा सोडणार नाही. आणि पोह्यांची बशी घेऊन कुणापुढे जाऊन बसणारही नाही.

आई : "मंग काय, नवरा भिसेगावात वाट इचारत येनार हाय?"

सुमित खो खो हसला. धाकट्या भावांना हसायला काय जातं!

बुधवार, ४

साहेब आले! चांगले तरुण निघाले. कडक इस्त्रीचा शर्ट, पण हातात फाइल नाही, पेनसुद्धा नाही. सर त्यांना मागच्या बाकावर बसवून पसार. बिचाऱ्यांचे गुडघे बाकाखाली मावेनात.

शब्द 'कळ'. पोटातली लगेच आली. मग हिरू सुफियानकडे बोट दाखवून ओरडली, "बाई, ह्यो सारकी माजी कळ काढतो!" दुसरा अर्थही आला, उदाहरणासकट. तिसरा येईना. एवढ्यात मागून हात वर — साहेबांचा!

"मशीनची कळ. दाबली की चालू होते ती."

पोरांनी टाळ्या वाजवल्या, आणि मी म्हटलं, "शाब्बास!" साहेबांना!! जीभ चावली, पण गेलं ते गेलं.

नंतर हजेरीपट दाखवला, टाचणवही दाखवली, शेरेबुक पुढे केलं. ते म्हणाले, "मी काय लिहू?" म्हटलं, "दिसलं ते लिहा, सर." त्यांनी लिहिलं — पोरं बाईंना घाबरत नाहीत. हा शेरा चांगला की वाईट, देव जाणे.

गुरुवार, ५

साहेब नव्हतेच ते! खरे साहेब रजेवर. हा प्रबुद्ध. साजगावच्या कारखान्यात मशीनवर असतो, सरांचा जुना विद्यार्थी — आणि आईने काढलेलं नवं स्थळ! आई, सर, सुमित, तिघांचा बेत. "तू बशी घेऊन बसनार नाय म्हनलीस, मंग काय करायचं गं आमी?" — इति आई. त्याला सांगितलं होतं, मुलीला सगळं माहीत आहे.

आणि मी त्याला टाचणवही दाखवली!

सरांशी दिवसभर बोलले नाही. त्यांनी चहा केला, साखर जास्त घालून. प्यायले, पण बोलले नाही. हसण्यावारी नेतेय खरी, पण राग आलाय. मला न विचारता मला बघितलं. दुपारी रडलेसुद्धा.

शुक्रवार, ६

आई नि सुमित पहाटेच चैत्यभूमीला गेले. राग धरायला घरी कुणीच नाही.

रविवार, ८

प्रबुद्धचा फोन. "बाई, माफ करा. मला वाटलं, तुमाला माहीत हाय."

मी म्हटलं, शेरा लिहायला लावला तेव्हाही शंका आली नाही?

"वाटलं, शिक्षक लोकांत अशीच पद्धत असंल."

हसू आवरेना! चांगलं रागावायचं ठरवून बसले होते. मग हिरूची चौकशी, सुफियानची चौकशी — कळ काढणं थांबलं का त्याचं? बराच वेळ बोललो. बदलीचं नावसुद्धा काढलं नाही त्याने.

आवडलाय मला. लिहूनच टाकते. आईला मात्र एवढ्यात सांगायचं नाही, डोक्यावर बसेल.

बुधवार, ११

प्रबुद्धने नकार कळवला. त्याची आई अडून बसलीये — सून नोकरी सोडणार असेल तरच. सरांना म्हणाला, "घरचे बाईंना शाळा सोडायला लावतील. मी तो वर्ग बघितलाय, सर. मला नाय जमनार."

रविवारी साजगावला जातेय, त्याच्या आईला भेटायला. आई म्हणाली, मी येते सोबत. नको म्हटलं.