दहा म्हणणारी

बुधवार, ता. ९

चि. चिमणीस,

तुला, जावईबापूंना आणि दोन्ही पोरांना पोटभर आशीर्वाद. माझे गुडघे जागेवर आहेत, तुम्हीही सगळे जागेवर असा.

तर पहिली आली ती सूनबाई. धाकट्याची बायको येईल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. पाच महिन्यांत या घराची पायरी न चढलेली, आणि आज दुपारी बारा वाजता दारात उभी! हातात गुडघ्याच्या मलमाच्या दोन नळ्या. मी म्हटलं, "अगं, एकटीच?" तर म्हणाली, "ते जिन्यात आहेत. लिफ्टचा आवाज ऐकतायत." धाकट्याचं कामच लिफ्ट दुरुस्तीचं, बाई. दुसऱ्याच्या घरी गेला तरी आधी लिफ्टची नाडी बघणार. मला इतका आनंद झाला की मी चहाची साखर आमटीच्या भांड्यात टाकली. ती आमटी आता गोडच खातोय आम्ही.

धाकटा आला, पण बूट काढले नाहीत. दाराच्या आत एक पाऊल, भिंतीला खांदा. "आई, मी सतरा तारखेला निघतोय. कंपनीनं तिकडे पाठवलंय. तीन वर्षं. तुला सांगायला आलो." तिकडे म्हणजे जिथे जायला विमानात दोनदा बसावं लागतं. मी विचारलं, "आणि दादाला?" तर म्हणाला, "दादा कामावर असतो या वेळेला. बघूनच आलोय."

चिमणे, माझं वय झालंय. तीन वर्षं म्हणजे तुम्हाला तीन वर्षं. मला ते किती, ते तूच मोज.

तू मागच्या पत्रात विचारलंस, पोरांचे फोटो का बघत नाहीस, टॅब बिघडला का? मी डोळ्यांवर ढकललं होतं. डोळे ठणठणीत आहेत. शेजारणीनं नवीन पडदे लावलेत, ते मी माझ्या खिडकीतून शिवणीसकट बघते. (रंग अगदीच मळखाऊ घेतलाय, पण तिला कोण सांगणार.) टॅब कपाटावर आहे, कव्हर घालून. का ते सांगते. आधी दोघा भावांचं ते भांडण सांगते, म्हणजे तुला माहीत आहे तेवढं.

आपल्या घरच्या ग्रुपवर धाकट्यानं कोडं टाकलं होतं. एका आईला पाच मुलगे, प्रत्येक मुलाला एक बहीण, तर आईला मुलं किती? आपला थोरला छापखान्यात मजकूर तपासणारा. त्याच्या हातातून भाजीची यादीसुद्धा लाल खुणा झाल्याशिवाय सुटत नाही. त्यानं सकाळी निघता निघता लिहिलं, "मुलं म्हणजे मुलगे की सगळी लेकरं? आधी वाक्य नीट लिही, मग उत्तर माग." धाकट्यानं लिहिलं, "उत्तर येत नाही म्हणून व्याकरण काढतोस." मग मामेभाऊ, व्याही, सगळे त्यात उतरले. कोणी एकवचन, कोणी अनेकवचन. मी दुपारभर वाचत बसले होते. इतकी करमणूक मला कित्येक वर्षांत झाली नव्हती.

मग तिथे थोरल्याच्या नावानं उत्तर आलं, "दहा." धाकट्यानं लिहिलं, "दादा, व्याकरणात पंडित आणि गणितात भोपळा!" सगळे हसले. त्यावर थोरल्याच्या नावानं पुन्हा आलं, "तिसरीत दोनदा बसलेल्यानं मला गणित शिकवू नये."

झालं! धाकटा ग्रुपातून गेला तो गेलाच. त्याचे सासरे त्यात, मेहुणा त्यात. आपल्या पोरीला तो नेहमी सांगायचा, मी वर्गात पहिला यायचो. त्या रात्री पोरीनं विचारलं म्हणे, "बाबा, तुम्ही नापास झाला होतात?" हे मला आज सूनबाईनं सांगितलं. चहा तिच्या हातात तसाच गार झाला.

तूही तेव्हा थोरल्याला लिहिलंस, "तुझ्या लाल पेनानं तू भावालाच खोडलंस." ते पत्र त्यानं मला वाचून दाखवलं, घडी घातली आणि शब्दकोशात ठेवलं. त्यात तू तीन चुका केल्या होत्यास. एकही खूण केली नाही त्यानं. यावरून काय ते समज.

आता पुढचं. थांब, चष्मा पुसते.

साडेबाराला दारात किल्ली फिरली. थोरला! छापखान्याचं मोठं यंत्र अडलं म्हणून लवकर सोडलं त्यांना. नेमकं आज. दोघं भाऊ समोरासमोर, मध्ये माझी चपलांची फळी. सूनबाई उठून उभी राहिली.

थोरला म्हणाला, "बस ना रे."

"तुझ्या परवानगीनं?"

"घर आईचं आहे."

"मग आईशी बोलणं झालंय. निघतो. तिसरीत दोनदा बसलेल्याला विमानाची वेळ तरी चुकवून चालणार नाही."

मला वाटलं आता थोरला काहीतरी तिखट बोलणार. त्याच्याकडे तिखटाची कमतरता नाही, तुला माहीत आहे. पण त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं. एकदाच गं. मग जमिनीकडे बघत म्हणाला, "माझं चुकलं. मी तसं लिहायला नको होतं."

चिमणे, त्यानं ते लिहिलंच नव्हतं.

त्यानं फोटो बघायला दिलेला टॅब त्याच्याच नावानं चालतो, हे मला कुठे ठाऊक! दोन अक्षरं टोचली की पुढचा शब्द ते यंत्र आपणहून पुढे करतं, मी नुसतं बोट ठेवायचं. चौथी शिकलेल्या बाईला केवढी मौज! मला वाटलं, सगळ्यांना दिसतंय की आई बोलतेय. आईनं लेकाला तिसरीवरून चिडवलं तर काय होतंय? मी त्याला जन्मभर चिडवत आलेय आणि तो हसत आलाय. थोरला त्या वेळी छापखान्यात होता, फोन खणात. संध्याकाळी आला, सगळं वाचलं, टॅब माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाला, "आई, यावर लिहिलेलं माझ्या नावानं जातं. तू आता फोटोच बघ." बस्स. आवाज चढवला नाही की धाकट्याला फोन केला नाही.

म्हणजे त्या दिवसापासून मला माहीत होतं. आज सांगते, उद्या सांगते, करत पाच महिने काढले. लाज वाटली. अठरा माणसांत मी लेकाला उघडं पाडलं, आणि झाकायला दुसऱ्या लेकाला पुढे केलं. तुझा फोन आला की मी पोरांच्या परीक्षेचं विचारायची, ते याच भीतीनं की तू हे विचारशील.

आज तो माझी चूक आपल्या तोंडानं कबूल करायला लागला, तेव्हा नाही राहवलं. पण तोंडातून आधी काय निघावं? "दहा मी म्हटलं होतं!"

धाकटा म्हणाला, "काय दहा?"

"कोड्याचं उत्तर. पाच मुलगे, पाच बहिणी. आणि तिसरीचंही मीच लिहिलं. याच्या नावानं गेलं."

धाकट्याचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, गेला आता हा, तिकडे जाऊन पत्रसुद्धा टाकायचा नाही. पण तो माझ्यावर नाही, थोरल्यावर ओरडला, "पाच महिने तोंड शिवून बसलास? एक फोन करता येत नव्हता?"

थोरला म्हणाला, "करून काय सांगू? आईचं नाव सांगू? तू आईवर रागावून जाण्यापेक्षा माझ्यावर रागावलेला बरा." मग चष्मा काढून पुसला आणि म्हणाला, "तिसरीचं मी गिळलं. पण ते दहा! मामेभावानं छापखान्यात सांगितलं, तिथली पोरंसुद्धा मला 'दहासाहेब' म्हणतात."

पहिली हसली ती सूनबाई. मग मी. धाकटा हसला नाही. तो खाली बसला आणि बुटाची नाडी सोडायला लागला. गाठ सुटेना. थोरला वाकून बघत होता, मदत करावी की नको अशा विचारात. शेवटी केलीच. पन्नाशीचा माणूस चाळिशीच्या भावाच्या बुटाची गाठ सोडतोय, आणि दोघंही एकमेकांकडे बघत नाहीत.

मग चहा नवा केला. धाकट्यानं मला पाच कप आणि एक बशी मांडून दाखवली. कप म्हणजे भाऊ, बशी म्हणजे बहीण. ती एकच बशी पाचही कपांची. मुलं सहा. मी म्हटलं, हे आधी मांडून दाखवलं असतंस तर! आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. मला दोन मुलगे, दोघांनाही एक बहीण, आणि मी कधी चार म्हटलं का? तीनच म्हणते. घरातलंच कोडं होतं, चिमणे, आणि मी दहा सांगून बसले.

म्हणून तुला लिहिलं. तू त्या दोघांची एकच आहेस. थोरल्याला आधी दोन ओळी टाक. तो काही मागणार नाही, पण शब्दकोशातली ती घडी मला बदलून हवी आहे. धाकट्यालाही सतराच्या आत फोन कर. आणि माझ्यावर रागवायचं असेल तर खुशाल रागाव, पण माझ्याच नावानं.

हे पत्र थोरल्याला दाखवलेलं नाही, चुका तशाच जातील.

जाताना धाकट्यानं लिफ्टमधून डोकं बाहेर काढून सांगितलं की पोरीला घेऊन तिघंही येतो. तिसरीची गोष्ट तो तिला स्वतःच सांगणार आहे, थोरल्याच्या समोर. रविवारी, सकाळी दहाला.

तुझी,
अजून बोटांवर मोजणारी
आई