लागू पडलं का?

मंगळवार, संध्याकाळ. वळ गाव.

काय बोलून बसले मी आईला!

तिच्या कॅन्सरच्या औषधातलं प्लॅटिनम गाठीतल्या पेशींचा डीएनए वाकवतं. वाकलेल्या जागी एक प्रथिन येऊन चिकटतं, दुरुस्ती होऊ देत नाही, आणि पेशी मरते. निदान असं मानतात. लॅबमध्ये मी तेच प्रथिन तपासते. त्याला तो वाक कळतो तरी कसा? आज तर ते सरळ डीएनएलाही तितकंच चिकटलं. प्रयोग वाया, डोकं तापलेलं.

घरी आले की आई रोज प्रयोगाचं विचारते, "लागू पडलं का गं?" आजही विचारलं. चप्पल काढता काढता मी खेकसले, "न्हाय पडत! सोड आता त्याचा नाद."

भाकरी तव्यावर तशीच ठेवून ती आत गेली.

मग आठवलं. येताना मानकोलीहून तिच्या स्कॅनचा रिपोर्ट आणायचा होता. मी साफ विसरले. ती आज औषधाचं विचारत होती!

"आई, रिपोर्ट आणलाच नाही, मी प्रयोगाचं बोलले," म्हटलं. पिशवी उलटी करून दाखवली.

"लपवू नको गं. समजलं हाय मला."

आणि उद्या रिपोर्टही तेच म्हणाला तर?