शेवटचा इंदू रोल

९ मे
नईम फ्रीज पुसत होता. एकदम हाक — "अम्मी, ये डब्बी कब तक रखोगी?" हातातून ओढूनच घेतली. लोण्याच्या भांड्यामागे पुन्हा ठेवली. हे ठेवायचे तिथेच.
इंदूचा शेवटचा रोल! त्या नावाची काळी-पांढरी फोटो फिल्म करणारा कारखाना बंद पडून किती वर्षं झाली. सगळं अमळनेर रंगीत झालं तरी ह्यांनी इंदू सोडली नाही. बायका चिडवायच्या, साबेरा, तुझी सवत फ्रीजमध्ये बसते गं!

१० मे
हे गेल्यापासून फोटो स्टुडिओ बंद. मोबाईलवाल्याला भाड्याने हवा आहे. नईम म्हणतो, बकरीदनंतर किल्ली देऊन टाकू. मी हो म्हटलं. काय म्हणणार?

१४ मे
समोरच्या बेबाअक्का नातीचा मोबाईल घेऊन आल्या. तावातावाने.
"हाई दख! मनं गोंदण कोठे गयं?"
फोटोत चेहरा गुळगुळीत, हनुवटी कोरी, गोंदणाचे तीन ठिपके गायब. नात दीपमाला म्हणाली, "आजी, फोन डाग काढून टाकतो आपोआप."
"डाग? मनी मायनी गोंदाडेल शे ते! मरावर दागिना बठ्ठा काढी लेतस. हाईच संगे येस." मग माझ्याकडे वळून, हळूच — "अमीनभाऊ काढेत तसा एक फोटो काढी दे, बोन. आते दिन भरनात मना."
बघते, म्हटलं. फ्रीजकडे मात्र पाहिलं नाही.

१५ मे
झोप लागली नाही. तो रोल म्हणजे ह्यांचंच काहीतरी उरलेलं. वापरला की संपला.
रंगीत रोल जळगावला लॅबमध्ये जायचे. तिथे कोण कोण बघणार! म्हणून पडद्यातल्या बाया, शेतकऱ्यांच्या सुना, सगळ्या इंदूवरच फोटो काढून घ्यायच्या. ती फिल्म घराबाहेर जात नसे. मागच्या अंधाऱ्या खोलीत मीच धुवायची. निगेटिव्ह वाळत त्याखाली जुनी वर्तमानपत्रं पसरलेली असायची. ती वाचत वाचतच मी वाचायला शिकले.

१९ मे
अक्का खोकतात फार. आज फोटोचं विचारलं नाही त्यांनी.

२० मे
काढला!
स्टुडिओचं शटर अर्धंच वर केलं. ह्यांचा कॅमेरा पोटाशी धरून वरून काचेत बघायचं असतं. ह्यांना बघून बघून येतं मला. अक्का ताठ बसल्या, हनुवटी पुढे काढून. मी म्हटलं, अक्का, हसा थोडं. "दात पडेल शेत, काय हासू?" म्हणत हसल्याच. सगळा रोल त्यांच्यावर घातला. मन हलकं झालं.

२१ मे
मे महिन्यात पाणी नळातूनच तापून येतं. बर्फ घालून थंड केलं, ह्यांच्यासारखं. अंधारात रोल गुंडाळला, धुतला. बाहेर काढला तर —
काळा. सगळा काळा. या टोकापासून त्या टोकापर्यंत. माझा हात चुकला नव्हता. रोल कधीचाच मेलेला होता, फ्रीजमध्ये.
ह्यांना पुरलं त्या दिवशी रडले नव्हते एवढी रडले.

२३ मे
दोन दिवस दार लावून घेतलं. आज अक्का स्वतःच काठी टेकत आल्या. सांगितलं. इंदू आता कुठेच मिळत नाही, तेही सांगितलं.
त्या बसल्या. पाणी प्यायल्या. मग म्हणाल्या, "मंग जे मिळस ते आन."
"अक्का, ती गोष्ट वेगळी होती..."
"येडी शे का तू? आमी काय इंदूसाठे येत व्हतूत? आमले काय समजस फिल्लमनं? साबेरा धुवस म्हनीसन येत व्हतूत."
तीस वर्षं मी त्या फिल्मवर जळले. अर्धी थट्टेत, अर्धी खरी.

२४ मे
नईमला विचारलं, काळा-पांढरा रोल दुसऱ्या कुठल्या कंपनीचा मिळतो का रे? त्याने मग मोबाईल काढला. "मिलता है, अम्मी. मुंबईसे आएगा." फोटो छापायचा कागदही मागवायला सांगितला.

२ जून
रोल आला. अक्का पुन्हा बसल्या. या वेळी हसा म्हणावं लागलं नाही.

४ जून
कागदावर काळं आधी उमटतं. चेहरा यायच्या आधी पाण्यात तीन ठिपके आले. नुसते तीन ठिपके! मग हनुवटी आली.
नईमला सांगितलं, किल्ली देणार नाही.